मला एसी सोसत नाही

"मला एसी सोसत नाही." गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य मी ज्याला त्याला ऐकवलं. मुलीला, जावयांना, सोसायटीच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना, इतकंच काय, एसी बसवायला आलेल्या कारागिरालाही. गुडघे धरतात, नाक चोंदतं, डोकं जड होतं, अशी कारणंही वर जोडून दिली. त्यातलं एकही खरं नव्हतं. मला एसी उत्तम सोसतो. त्याचं बिल जावयांनी भरावं, हे मला सोसत नव्हतं.

हे कळायला आमच्या घरातली रीत सांगायला हवी. आमचे पूर्वज राजाच्या फौजेबरोबर बडोद्यात आले. फौज गेली, इनाम गेलं, ताठा तेवढा राहिला. लेक दिली त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्यातली जुनी चाल. लहानपणी मी आजोबांबरोबर आत्याच्या घरी जात असे. आत्याचे यजमान तांब्या-भांडं घेऊन पुढे येत. आजोबा हात जोडत आणि म्हणत, "नको, आत्ताच प्यालो." मग निघताना शेजारच्या ओट्यावर थांबून परक्या बाईकडे पाणी मागत आणि गटागटा पीत. आत्याचे यजमान दारात उभे राहून बघत असत. आजोबा केवढे करारी, असं मला तेव्हा वाटायचं. यजमानांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावण्याची गरज मला कधी वाटली नाही.

बायको गेल्यावर बडोद्याच्या हरणी भागातल्या आमच्या घरात मी एकटा उरलो. नोकरी रेल्वेच्या कचेरीत गेलेली, त्यामुळे फायली उत्तम लावता येत होत्या, भाकरी थापता येत नव्हती. एकदा दूध गॅसवर ठेवून अंघोळीला गेलो आणि शेजाऱ्यांना दार फोडायची वेळ आली. त्या दिवशी मुलीनं माझं काही ऐकून घेतलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीला, आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. "कायमचं राहायला या, बाबा," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "उन्हाळाभर बघू. तुमच्यावर भार होतोय असं वाटलं की त्याच दिवशी रिक्षा करीन." हरणीच्या घराची किल्ली मी शर्टाच्या खिशात ठेवत असे आणि बसल्या बसल्या वाजवत असे. मुलीला तो आवाज आवडत नसे. आवडत नसे म्हणूनच मी वाजवत असे, हेही लिहून टाकतो.

पाण्याची रीत मी सोडली होती, इतका अडाणी मी नाही. लेकीकडे दोन वेळ जेवत होतो, चहा पीत होतो. भाजी आणून आणि दुधाची पिशवी आणून त्याची फेड करतो, अशी स्वतःची समजूत घालत होतो. पण मी यायच्या आधीच जावयांनी माझ्या खोलीत नवा कोरा एसी बसवायला घेतला होता, मला न विचारता. तो पाहिला आणि आजोबा माझ्या अंगात आले. भाजी आणून एसीच्या बिलाची फेड होत नाही.

जावयांविषयी थोडं सांगतो. ते मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आहेत, भट्टीच्या खात्यात. लोखंड लाल करून पाण्यात बुडवायचं, अशा जागी त्यांची उभी पाळी. सकाळी कंपनीच्या बसनं जातात आणि संध्याकाळी परततात तेव्हा शर्टावर मिठाचे नकाशे उमटलेले असतात. माणूस बोलायला कमी. आमच्याच बडोद्याच्या मराठीतले, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होऊन गुजरातीत बसतं. मी एसीला नाही म्हटलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाबा, नकामी चिंता करता. बिल काय, भरायचंच असतं."

"माझ्या गुडघ्यांचं काय?" मी म्हटलं.

ते गेल्यावर मी रिमोटमधले सेल काढले आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळात घातले. घड्याळ बरेच दिवस बंद पडलं होतं. एका दगडात दोन पक्षी. आता तो एसी म्हणजे भिंतीला टांगलेली पेटी, असा मी निवांत झालो.

आणि मग एप्रिल तापला. माझ्या खोलीची भिंत पश्चिमेची. मुलगी एका लॅबमध्ये कामाला, ती सकाळी जाई. दुपारी फ्लॅटमध्ये मी आणि पंखा, दोघंच. पंखा गरम वारा वरून खाली आणून माझ्या अंगावर ओतत असे. चादर हाताला तव्यासारखी लागे. तिसऱ्या दिवशी चक्कर आली तेव्हा मी छत्री उचलली, पासबुक घेतलं आणि कोपऱ्यावरच्या बँकेत जाऊन बसलो.

काय थंडगार होतं तिथे! मला वाटलं, इथेच मरावं. मग मी रोज जाऊ लागलो. जेवण उरकलं की निघायचं आणि बँक बंद व्हायच्या सुमारास उठायचं. यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढायची आणि खांबामागच्या खुर्चीत बसायचं. नंबर पुकारला की शेजारी जो कुणी घाईत असेल त्याला चिठ्ठी द्यायची, "घ्या, मला काही गडबड नाही." लोक दुवा देत. माझ्यासारखा परोपकारी म्हातारा त्या शाखेनं पाहिला नसेल. दरवानाशी ओळख झाली. तो दार उघडून "आवो दादा, बेसो" म्हणायचा. बँकेचं बिल जावयांच्या खिशातून जात नव्हतं, तेव्हा तिथला गारवा मला बिनधास्त पचत होता. घरी मात्र, दुपारभर खोलीत पडून असतो, असं मी सांगून ठेवलं होतं.

निघताना मी खिडकीत एक ओला पंचा टांगत असे. परत आल्यावर खोलीची भट्टी झालेली नसावी, एवढाच हेतू. पण पहिल्यांदा टांगला त्याच दिवशी चमत्कार झाला. चारनंतर परत येऊन दार उघडलं तर खोली गार. नुसती बरी नव्हे, गार! दुसऱ्या दिवशीही तेच. मी पंच्याला हात लावून पाहिला तर तो खडखडीत वाळलेला. म्हणजे त्यातलं सगळं पाणी खोली गार करण्यात खर्ची पडलं, असा मी हिशेब लावला. माणसाला स्वतःच्या हुशारीचा पुरावा मिळाला की तो पुढे चौकशी करत नाही.

मग काय विचारता! सोसायटीच्या बाकावर मी पंच्याची व्याख्यानं दिली. "कशाला पाहिजेत एसी? दोन बादल्या पाणी आणि एक पंचा. आमच्या वेळी होते का एसी?" एका बिचाऱ्यानं ऐकून करून पाहिलं. त्याची खोली गार झाली नाही, उलट गादीला वास आला. मी त्याला सांगितलं की तुझा पंचा टेरिकॉटचा असणार, सुती घे.

एकदा संध्याकाळी मुलीनं विचारलं, "बाबा, दुपारी झोप लागते ना आता?"

"उत्तम लागते."

"गरम नाही होत?"

"मुळीच नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते ताटातच बघत हसले. पंच्याला हसतात, असं मला वाटलं, आणि मीही हसलो. त्या दिवसांत मुलगी फार खुशीत असे. माझ्यासाठी कपाटात एक कप्पा तिनं रिकामा केला. किल्लीच्या आवाजाकडेही ती लक्ष देईनाशी झाली.

मग दोन महिन्यांचं बिल आलं.

ते जावयांनी मोबाइलवर उघडलं होतं आणि मोबाइल टेबलावर ठेवून ते हात धुवायला गेले होते. मी चष्मा लावला. मागच्या उन्हाळ्यातला आकडाही शेजारी दिसत होता. वाढ पाहून मी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. आणि मग, खरं सांगतो, मला बरंही वाटलं. मी एसीला हात लावत नव्हतो. म्हणजे ही उधळपट्टी माझी नव्हती, त्यांच्या खोलीतल्या एसीची होती. पाहुण्यासारखा अंग चोरून वावरत होतो त्या घरात मला एकाएकी बोलायला जागा मिळाली, आणि मी ती वाया घालवली नाही.

जेवताना मी सुरुवात केली. काटकसर म्हणजे काय, आम्ही एका पंख्याखाली चार जण कसे झोपत होतो, हे सगळं झालं. दोघंही मुकाट जेवत होते. त्या मुकाटपणानं मला चेव आला. मी म्हणालो, "दिवसा कारखान्यात उकडतं म्हणून रात्रभर खोली गारठवून ठेवायची, याला संसार म्हणत नाहीत. मी म्हातारा माणूस विना एसीचा राहतो ना?"

मुलीचा घास हातातच राहिला. "बाबा, तुमच्या खोलीत..." तिनं तोंड उघडलं, तशी जावयांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. मग मला म्हणाले, "हा बाबा. ध्यान ठेवतो."

मला वाटलं, चूक पटली. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला मी उकाडा शिकवत होतो, आणि मला वाटलं, चूक पटली! आज ते वाक्य आठवलं की अजूनही कानाच्या पाळ्या तापतात.

त्या दिवसापासून त्यांच्या खोलीतला एसी बंद झाला. सकाळी त्यांच्या खिडक्या सताड उघड्या दिसत. बनियन पिळून वाळत घातलेला असे. चहा पिताना जावयांचे डोळे लाल असत आणि मुलीच्या मानेवर घामोळं उठलं होतं. ती त्यावर पावडर लावून लॅबला जाई. मी हे सगळं पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, वळण लागलं. बाकावर जाऊन सांगितलंसुद्धा, "आमच्या जावयांनी एसी सोडला." वर स्वतः रोज बँकेत जाऊन गार हवेत पेंगत होतो. यापुढचं काय लिहू? लाज वाटते, एवढंच लिहितो.

आठवड्याभरानं, नेहमीसारखा खांबामागे बसलो होतो. दार उघडलं आणि जावई आत आले. कंपनीचा शर्ट अंगाला चिकटलेला, हातात कसलीशी प्लॅस्टिकची फाइल. बँकेच्या कामासाठी अर्धी रजा काढून आले असणार, त्या दिवशी बसऐवजी स्कूटर नेली होती. मी पासबुक तोंडासमोर धरलं. पासबुक ते केवढं, चेहरा केवढा! पण त्यांनी इकडे पाहिलंच नाही. चिठ्ठी काढली आणि माझ्या पुढच्याच रांगेत, मला पाठमोरे, बसले. डोकं मागे टेकवलं. एसीची हवा लागली तसा त्यांनी असा काही श्वास सोडला की मला ऐकू आला. गारव्यासाठी आसुसलेला माणूस कसा दिसतो ते मी तिथे पाहिलं, आणि तरी मला मुख्यतः भीती होती ती पकडले जाण्याची.

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गडबडीनं खिशातून मोबाइल काढला. उशीर झाल्यासारखी गडबड. पडद्यावर एसीचं चित्र आलं. त्यावर मराठीत लिहिलं होतं, 'बाबा'. त्यांनी अंगठ्यानं ते दाबलं. चित्र निळं झालं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

मी रेल्वेच्या कचेरीतला माणूस, मला यंत्रातलं कळत नाही. पण निळा रंग कळतो. गोत्रीतल्या एका फ्लॅटमध्ये, माझ्या रिकाम्या खोलीत, माझ्या रिकाम्या पलंगावर त्या क्षणी गार हवा सुटली होती. उन्हाळाभर रोज सुटत होती. रिमोटची त्याला गरजच नव्हती. मी परतायच्या जरा आधी, माझी दुपारची झोप संपायची वेळ धरून, ती बंद होत होती. पंचा त्या हवेनं वाळत होता. बिल त्या हवेचं होतं. आणि तीच हवा चालू राहावी म्हणून त्यांनी स्वतःच्या खोलीतली बंद केली होती.

त्या थंडगार हॉलमध्ये मला दरदरून घाम फुटला. उठून पळावं असं वाटलं, आणि मी उठतच होतो. इतक्यात दरवान खांबापाशी येऊन मोठ्यानं म्हणाला, "दादा, तमारो नंबर आव्यो. के आजे पण कोईने आपी देवो छे?" नंबर घेणार, की आजही कुणाला देऊन टाकणार, असं विचारत होता.

जावयांनी मागे वळून पाहिलं.

"अरे, बाबा! तुम्ही इथे? मला सांगायचं ना, काय काम होतं ते. उन्हात कशाला आलात?"

मी काही बोलायच्या आत दरवान हसत म्हणाला, "काम? दादा तो रोज आवे छे. बपोर आखी अहीं ज. आपणा एसीना मेमान छे."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बँकेच्या एसीचे पाहुणे, दुपारभर इथेच असतात, हे त्यानं कौतुकानं सांगितलं. जावयांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पाहिला आणि तो मला ओळखीचा वाटला. शेजारच्या ओट्यावर पाणी पिणाऱ्या सासऱ्याकडे दारातून बघणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. तो चेहरा रागाचा नव्हता, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आपल्या घरचं पाणी याला का चालत नाही, आपण काय कमी केलं, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

ते माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. फाइल मांडीवर ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. रोज चालू होतो, तुम्ही उठून बंद करत नाही, म्हणजे तुम्हाला चालतंय. फक्त बोलायचं नाही, एवढंच. म्हणून त्या दिवशी मी हिला पण थांबवलं. बोललं तर तुम्ही हरणीला निघाल." आणि मग म्हणाले, "ही तर सगळ्यांना सांगत होती, बाबा आता राहतील म्हणून."

मला तोंड वर करवेना. माझी लेक ज्या गोष्टीवर उन्हाळाभर खुशीत होती, ती गोष्ट म्हणजे एक रिकामी खोली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "त्या दिवशी जेवताना जे बोललो ते तर फारच चुकलं."

सासऱ्यानं जावयासमोर असं म्हणायची आमच्यात रीत नाही. जावई गोंधळले. "चालेल, चालेल, बाबा," असं काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. 'बाबा' लिहिलेलं ते चित्र अजून निळंच होतं. त्यावर अंगठा धरून त्यांनी विचारलं, "मग हा बंद करू?"

त्यांनी साधाच प्रश्न विचारला होता. खोलीत कुणी नाही, मग वीज का जाळायची, इतकाच. पण मला तो तसा ऐकू आला नाही. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तो बंद केला असता आणि पुन्हा कधी लावला नसता, याची मला खात्री होती.

"नको," मी म्हटलं. "राहू द्या चालू. आपण घरी जाऊ."

त्यांचं काम तसंच राहिलं. माझी चिठ्ठी मी दरवानाच्या हातात दिली. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी आलो. फ्लॅटमध्ये उकाडा कोंडला होता. माझ्या खोलीचं दार उघडलं तशी गार हवा पायांवर आली. खिडकीत पंचा वाळून ताठ झाला होता. मी तो काढून त्याची घडी केली आणि पलंगावर बसलो. जावई दारातच उभे होते. मग "आराम करा, बाबा," म्हणून ते आपल्या तापलेल्या खोलीकडे वळले.

"जावईबापू," मी हाक मारली. "फ्रीजमधलं पाणी द्या जरा."

ते तांब्या-भांडं घेऊन आले. मी त्यांच्या हातून घेऊन, त्यांच्यासमोर, पोटभर प्यालो. ते रिकामा तांब्या घेऊन पुन्हा निघाले.

"बाहेर कुठे निघालात?" मी पलंगावर भिंतीकडे सरकून बसलो. "दार लावा. आतून."